वाऱ्याचे युनिट आणि पाव तासाचा बाजार

भारताच्या वीजव्यवहारात दिवसाचे ९६ भाग धरले जातात. प्रत्येक भाग पंधरा मिनिटांचा. त्या पंधरा मिनिटांत कोणते केंद्र ग्रिडमध्ये किती वीज सोडणार आणि कोणती वितरण कंपनी किती उचलणार, याचा तक्ता आदल्या दिवशीच तयार होतो. या धंद्यात त्याला शेड्यूल म्हणतात. शेड्यूल पाळले गेले तर ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या आसपास राहते, हिशेब जुळतो आणि घाऊक बाजारात ठरलेल्या भावाला अर्थ राहतो. कोळशाच्या केंद्राला हे जमते. धरणावरच्या जलविद्युत केंद्राला तर फारच चांगले जमते. पवनचक्कीला ते जमत नाही, कारण उद्या दुपारी सव्वातीन ते साडेतीन या वेळात सह्याद्रीच्या सड्यावर किती वारा असेल, हे आज छातीठोकपणे सांगणारा कोणी नाही. भारतातली पवनऊर्जा घाऊक बाजारात आली ती या एका अडचणीशी चाळीस वर्षे झगडत. त्यातली पहिली वीस वर्षे तर अडचण आहे हेच कोणाच्या गावी नव्हते.

सुरुवात प्रात्यक्षिकांनी झाली. १९८६ च्या सुमारास गुजरात, महाराष्ट्र आणि तामिळनाडूच्या किनारपट्टीवर डेन्मार्कच्या वेस्टास कंपनीची ५५ किलोवॉटची यंत्रे उभी राहिली. आज बसणारे तीन मेगावॉटचे एक यंत्र तशा पन्नासहून अधिक यंत्रांची जागा घेते. आपल्याकडच्या मोसमी वाऱ्यात यंत्र टिकते का आणि वर्षाकाठी किती युनिट देते, एवढेच त्या वेळी पाहायचे होते. महाराष्ट्रात अपारंपरिक ऊर्जेसाठी स्थापन झालेल्या महाऊर्जा या संस्थेनेही पुढे ठिकठिकाणी मनोरे उभारून वाऱ्याची मोजणी केली. तामिळनाडूत पश्चिम घाटातल्या खिंडी, विशेषतः कन्याकुमारीजवळचा मुप्पंदलचा परिसर, वाऱ्याच्या दृष्टीने विलक्षण संपन्न निघाला.

मोठा पैसा आला तो मात्र प्राप्तिकरातल्या एका तरतुदीमुळे. १९९० च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळत असे. नफ्यातल्या कंपनीने एक कोटीचे यंत्र घेतले की ती सगळी रक्कम त्याच वर्षीच्या करपात्र नफ्यातून वजा होई. यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले गेले, तर घसारा निम्मा. त्यामुळे यंत्रे सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेर धडाधड सुरू केली जात. वारा खरा जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा. यंत्र सुरू करण्याची तारीख मात्र कर सल्लागार ठरवत असे. पुढे हा घसारा ८० टक्क्यांवर आला, २०१२ मध्ये बंद झाला, २०१४ मध्ये परतला आणि २०१७ पासून ४० टक्के राहिला. या सवलतीवर टीका पुष्कळ झाली आणि तीत तथ्यही आहे. तरी तिच्याशिवाय सातारा किंवा तिरुनेलवेलीच्या माळावर इतक्या लवकर इतकी यंत्रे आली नसती, हेही मान्य करावे लागते.

महाराष्ट्रात याचे केंद्र सातारा जिल्हा झाले. पाटण तालुक्यात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला, सुमारे ११५० मीटर उंचीवर वनकुसवड्याचे पठार आहे. ठोसेघरच्या धबधब्याच्या पुढे चाळकेवाडीचे पठार लागते. कापडधंद्यातून आलेल्या तुलसी तांती यांनी १९९५ मध्ये सुझलॉन ही कंपनी काढली आणि पुढे तिचे मुख्यालय पुण्यात झाले. या पठारांवर सुझलॉनने ३५० किलोवॉटची यंत्रे रांगेने उभी केली. जमीन घेणे, रस्ता काढणे, ३३ केव्हीच्या वाहिन्या ओढणे, सबस्टेशन बांधणे आणि वर्षानुवर्षे देखभाल करणे ही सगळी कामे उत्पादक कंपनीकडेच असत. यंत्रे मात्र एकेक, दोनदोन करून वेगवेगळ्या कंपन्यांना विकली जात. केंद्राचा करलाभ आणि राज्याची विक्रीकरातली सवलत पदरात पाडून घेण्यासाठी वाहन उद्योगापासून औषध कंपन्यांपर्यंत अनेकांनी ती घेतली. परिणाम असा झाला की एका सबस्टेशनला जोडलेल्या शंभर यंत्रांचे वीसतीस मालक असू शकत, आणि त्यांतल्या बहुतेकांचा वीज या विषयाशी वर्षातून एकदा, ताळेबंदापुरता संबंध येई. ही विखुरलेली मालकी पुढे बाजाराच्या नियमांना फार जड गेली.

विजेचा हिशेबही याच वळणाचा होता. महिन्याच्या अखेरीस सबस्टेशनवर राज्य वीज मंडळाचा अभियंता आणि कंपनीचा माणूस मिळून मीटर वाचत. त्याला जॉइंट मीटर रीडिंग म्हणत. आलेले युनिट प्रत्येक यंत्राच्या नोंदीप्रमाणे मालकांमध्ये वाटले जात आणि ठरलेल्या दराने पैसे मिळत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर २००३ च्या आदेशात हा दर पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ आणि कराराची मुदत १३ वर्षे असा ठरवला. दर बांधून मिळाल्याने बँका कर्ज देऊ लागल्या. धुळ्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलपासून सांगलीत ढालगावपर्यंत यंत्रे पसरली. या साऱ्या हिशेबात एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती. युनिट पहाटे तीनला तयार झाले की संध्याकाळी सातला, हे कोणी विचारत नव्हते. लोडशेडिंगने हैराण झालेल्या राज्यात संध्याकाळच्या युनिटची किंमत पहाटेच्या युनिटपेक्षा कितीतरी जास्त होती, तरी मीटरवर दोन्ही सारखीच उमटत.

तामिळनाडूने या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले होते. कोइमतूरच्या सूतगिरण्यांनी स्वतःच्या वापरासाठी पवनचक्क्या घेतल्या. पावसाळ्यात वीज गरजेपेक्षा जास्त तयार होई, हिवाळ्यात कमी. राज्याच्या वीज मंडळाने त्यांना जादा युनिट जमा ठेवण्याची आणि वर्षभरात केव्हाही परत घेण्याची मुभा दिली. तिला बँकिंग म्हणतात. गिरण्यांना हे वरदान होते. पण वीज काही कोठारात ठेवता येत नाही. ऑगस्टमध्ये जमा केलेले युनिट मंडळाने त्याच क्षणी कुठेतरी खपवलेले असे, आणि फेब्रुवारीत परत द्यायचे युनिट कोळसा जाळून किंवा बाहेरून विकत घेऊन आणावे लागे. दोन्ही वेळच्या किमतींतला फरक मंडळाच्या, म्हणजे शेवटी इतर ग्राहकांच्या अंगावर पडे. महाराष्ट्रातही बँकिंग होते. २०१६ च्या नियमांनी ते महिन्यापुरते आखडले.

पवनचक्क्या अशा बाजाराबाहेर वाढत असतानाच देशात बाजाराचा पाया घातला जात होता. १९९० च्या दशकात भारतीय ग्रिडची फ्रिक्वेन्सी कमालीची भरकटत असे. टंचाईच्या संध्याकाळी ती ४९ च्या खाली घसरे, पावसाळी रात्री ५१ च्या वर जाई. राज्ये वाटेल तेवढी वीज उचलत आणि केंद्रे नको असतानाही वीज सोडत राहत, कारण बेशिस्तीची किंमत कोणालाच मोजावी लागत नव्हती. यावर तोडगा म्हणून उपलब्धतेवर आधारित दरपद्धती आली. तिची आखणी करण्यात भानू भूषण या अभियंत्याचा मोठा वाटा होता. देशात ती सर्वांत आधी पश्चिम विभागात, १ जुलै २००२ पासून, लागू झाली. केंद्राला स्थिर खर्च उपलब्धतेप्रमाणे मिळणार, इंधनाचा खर्च शेड्यूलप्रमाणे मिळणार आणि शेड्यूलपासून जो ढळेल त्याचा हिशेब त्या क्षणीच्या फ्रिक्वेन्सीवर ठरणाऱ्या दराने होणार, अशी तिची मांडणी होती. फ्रिक्वेन्सी खाली गेली की टंचाई आहे, म्हणून दर चढा. वर गेली की दर शून्याकडे. भिंतीवरच्या फ्रिक्वेन्सी मीटरकडे पाहून विजेचा त्या घटकेचा भाव कोणालाही कळू लागला. पंधरा मिनिटांचा तुकडा हे वीजव्यवहाराचे माप झाले ते इथून.

पवनचक्क्यांना या पद्धतीतून वगळले होते. त्यांना शेड्यूल नव्हते, म्हणून ढळण्याचा दंडही नव्हता. पण वारा अचानक पडला की राज्याला बाहेरून जास्त वीज उचलावी लागे आणि तो दंड राज्याच्या खात्यावर लागे. मोसमात हजारो मेगावॉट वारा असलेल्या तामिळनाडूसारख्या राज्यासाठी ही रक्कम किरकोळ नव्हती. वाऱ्याच्या अनिश्चिततेला किंमत होतीच. ती बिलावर लिहिलेली नव्हती एवढेच.

२००३ च्या वीज कायद्याने चित्र बदलले. वीजनिर्मितीवरची परवान्याची अट गेली, ओपन ॲक्सेसने कोणाचीही वीज कोणाच्याही तारांवरून नेण्याचा हक्क मान्य झाला आणि बाजार विकसित करण्याची जबाबदारी नियामक आयोगांवर आली. त्याच कायद्याने अपारंपरिक विजेची किमान खरेदी ठरवण्याचे अधिकारही आयोगांना दिले. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. २७ जून २००८ रोजी इंडियन एनर्जी एक्स्चेंज सुरू झाले आणि त्याच वर्षी पॉवर एक्स्चेंज इंडिया.

या एक्स्चेंजवरचा मुख्य सौदा उद्याच्या विजेचा असतो. सकाळी ठरावीक वेळेत खरेदीदार आणि विक्रेते आपापल्या बोली बंद लिफाफ्यासारख्या संगणकावर टाकतात. अमुक भावापर्यंत इतके मेगावॉट घेऊ, तमुक भावापासून पुढे इतके देऊ, अशी बोली. संगणक साऱ्या मागण्या उतरत्या भावाने आणि सारे देकार चढत्या भावाने मांडतो. दोन्ही रेषा जिथे छेदतात तो त्या तुकड्याचा भाव, आणि तो सर्वांना एकच. सुरुवातीला हे तुकडे तासाचे होते. एप्रिल २०१२ पासून ते पंधरा मिनिटांचे झाले. वाहिन्यांची क्षमता अपुरी पडली तर बाजाराचे भाग पडतात आणि प्रत्येक विभागाचा भाव वेगळा निघतो.

दक्षिणेबाबत हे वर्षानुवर्षे घडले. दक्षिण विभाग उरलेल्या देशाशी एका लयीत जोडलेला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीच्या १००० मेगावॉटच्या केंद्रासारख्या मोजक्या एकदिशा प्रवाहाच्या दुव्यांवरून जेवढी वीज जाईल तेवढीच जाई. म्हणून एक्स्चेंजवर दक्षिणेचा भाव बाकी देशापेक्षा पुष्कळ चढा राही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर आणि रायचूर यांच्यातली ७६५ केव्हीची वाहिनी चालू झाली आणि सारा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. पवनऊर्जेच्या दृष्टीने या घटनेचे मोल फार मोठे आहे. तामिळनाडू आणि कर्नाटकातला वारा ज्या वेळी जास्त, त्या वेळी त्याला गिऱ्हाईक उत्तरेत शोधावे लागते, आणि ते गाठण्याची वाट सोलापुरावरून उघडली.

याआधीच वाऱ्याने एक्स्चेंजवर पाऊल टाकले होते, पण विजेच्या रूपाने नव्हे. २०१० मध्ये अपारंपरिक ऊर्जा प्रमाणपत्रांची योजना आली आणि २०११ च्या आरंभी त्यांचे सौदे सुरू झाले. एक मेगावॉट-तास, म्हणजे हजार युनिट वीज, सामान्य विजेच्या भावाने स्थानिक वितरण कंपनीला विकायची आणि ती पर्यावरणस्नेही असल्याचे प्रमाणपत्र वेगळे करून एक्स्चेंजवर विकायचे, अशी ही योजना. वाऱ्याच्या प्रमाणपत्राचा किमान भाव आरंभी १,५०० रुपये ठेवला होता. ज्या राज्यांत वारा नाही त्यांनी प्रमाणपत्रे घेऊन आपले किमान अपारंपरिक खरेदीचे बंधन पुरे करावे, हा हेतू चांगलाच होता. पण बंधन न पाळणाऱ्या वितरण कंपन्यांवर आयोगांनी कठोर कारवाई क्वचितच केली. न विकलेल्या प्रमाणपत्रांचा साठा कोटीच्या वर गेला आणि त्यांच्या भरवशावर उभे राहिलेले पवन प्रकल्प अडचणीत आले. सक्तीवर उभारलेला बाजार सक्ती सैल पडताच बसतो, हे या योजनेने पुरते दाखवून दिले.

विजेचे शेड्यूल द्यायला पवनचक्क्यांना प्रथम सांगितले ते २०१० च्या ग्रिड संहितेने. दहा मेगावॉट आणि त्याहून मोठ्या नव्या पवन प्रकल्पांनी उद्याचा अंदाज द्यावा, प्रत्यक्ष निर्मिती अंदाजाच्या तीस टक्के वरखाली राहिली तर प्रकल्पाला तोशीस नाही, त्यापलीकडे गेल्यास जबाबदारी प्रकल्पाची, असा नियम होता. सवलतीच्या पट्ट्यात येणारा भार राज्यांनी एका सामाईक निधीतून वाटून घ्यायचा होता. हा नियम वारंवार पुढे ढकलला गेला. जुलै २०१३ मध्ये तो एकदाचा लागू झाला आणि २०१४ च्या सुरुवातीलाच स्थगित झाला. पवन उद्योगाचा विरोध कडवा होता आणि अंदाज बांधण्याची साधनेही अपुरी होती.

अडचण खरी होती हे वाऱ्याच्या गणितावरून दिसते. पात्यांना मिळणारी शक्ती वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेगाचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला तर विजेचा अंदाज सुमारे तेहतीस टक्क्यांनी चुकतो. सेकंदाला सहा मीटरचा वारा आठ मीटर झाला तर वीज सव्वादोन पटींहून अधिक होते. हवामानशास्त्राच्या दृष्टीने जो अंदाज उत्तम, तो वीज बाजाराच्या दृष्टीने दंडपात्र ठरू शकतो.

दरम्यान जुलै २०१२ च्या ३० आणि ३१ तारखेला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला. त्या बिघाडाचा वाऱ्याशी संबंध नव्हता. कारण होते ते बेसुमार उचल आणि कमकुवत झालेल्या वाहिन्या. पण त्यानंतर ग्रिडची शिस्त आवळली गेली. २०१४ मध्ये शेड्यूलपासून ढळण्याबाबतचे नवे नियम आले आणि फ्रिक्वेन्सीचा परवानगीचा पट्टा अरुंद झाला. पवनचक्क्यांना बाहेर ठेवणे आता परवडण्यासारखे नव्हते.

तोडगा निघाला ऑगस्ट २०१५ मध्ये, आणि तो एका भागाकाराच्या छेदात होता. आधी चूक मोजताना ती शेड्यूलने भागत असत. केंद्रीय वीज नियामक आयोगाने ती त्या वेळी चालू स्थितीत असलेल्या क्षमतेने भागायला सांगितले. समजा ५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. मंद वाऱ्याच्या दिवशी त्याने ५ मेगावॉटचे शेड्यूल दिले आणि प्रत्यक्षात १० मेगावॉट वीज आली. जुन्या पद्धतीने ही चूक शंभर टक्के, नव्या पद्धतीने दहा टक्के. ग्रिडच्या दृष्टीने पाच मेगावॉटचा फरक क्षुल्लक आहे, म्हणून नवी पद्धत जास्त न्याय्य.

आता त्याच प्रकल्पाने ३० मेगावॉट सांगितले आणि २० आले असे धरू. चूक क्षमतेच्या वीस टक्के. पंधरा टक्क्यांपर्यंत माफी. त्या पंधरा मिनिटांत २,५०० युनिट कमी पडले. आंतरराज्य विक्रीत पैसे शेड्यूलप्रमाणे मिळत असल्याने या युनिटांचे घेतलेले पैसे परत करायचे. पहिल्या १,८७५ युनिटांचे कराराच्या दराने आणि उरलेल्या ६२५ युनिटांचे त्यावर दहा टक्के जादा देऊन. दर चार रुपये धरला तर त्या पाव तासाचा खरा दंड २५० रुपये. चूक वाढली की जादा आकार वीस आणि मग तीस टक्के. शिवाय दिवसातून सोळा वेळा, म्हणजे दर दीड तासाला, शेड्यूल सुधारण्याची मुभा मिळाली. ही रचना व्यवहारी होती. अचूक अंदाज अशक्य आहे हे मान्य करूनही बरा अंदाज देणाऱ्याला वाईट अंदाज देणाऱ्यापेक्षा फायदा व्हावा, एवढेच तिने साधले, आणि तेवढ्याचीच गरज होती.

हा नियम राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या विजेसाठी होता. बहुतेक पवनचक्क्या राज्यांतर्गत होत्या. त्यांच्यासाठी २०१५ च्या अखेरीस नमुना नियम आले आणि महाराष्ट्र आयोगाने आपले नियम २०१८ मध्ये केले. इथे ती विखुरलेली मालकी आडवी आली. एका सबस्टेशनवर तीस मालक असतील तर शेड्यूल कोणी द्यायचे? मीटर तर सबस्टेशनवर एकच. म्हणून समन्वयक संस्था नेमण्याची तरतूद झाली. धंद्यात तिला क्यूसीए म्हणतात. यंत्रांच्या संगणकीय नोंदी, हवामानाची एकाहून अधिक प्रारूपे आणि देखभालीसाठी बंद असलेल्या यंत्रांची यादी एकत्र करून ही संस्था सबस्टेशनचा अंदाज बांधते, तो महाराष्ट्राच्या बाबतीत कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राला पाठवते, दिवसभर सुधारते आणि महिन्याच्या शेवटी दंड मालकांमध्ये वाटते. हवामानाचा अभ्यास आणि सांख्यिकी यांवर चालणारा एक नवा व्यवसायच यातून जन्मला. पुढे भार प्रेषण केंद्रांनाही स्वतःचे अंदाज हवेत म्हणून अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र व्यवस्थापन केंद्रे उभारली गेली. सुरुवातीच्या अकरांत महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेश यांची होती.

दराच्या बाजूने मोठा धक्का बसला तो फेब्रुवारी २०१७ मध्ये. केंद्र सरकारच्या सौर ऊर्जा महामंडळाने पवनऊर्जेचा पहिला देशव्यापी लिलाव घेतला आणि दर निघाला युनिटला ३ रुपये ४६ पैसे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २ रुपये ६४ पैसे आणि डिसेंबरात गुजरातच्या लिलावात २ रुपये ४३ पैसे. आयोगाने ठरवून दिलेल्या दरांचे युग संपले. ग्राहकांचा यात फायदा झाला, पण एक तोटाही झाला. सर्वांत कमी दर देणारा जिंकणार म्हटल्यावर सारे प्रकल्प कच्छ आणि दक्षिण तामिळनाडू अशा मोजक्या जागांकडे धावले. एकाच वाऱ्यावर, एकाच वेळी फिरणारी यंत्रे वाढली. लिलावात युनिटचा भाव होता, वेळेचा नव्हता. मध्यम वाऱ्याचा महाराष्ट्र या शर्यतीत मागे पडला, आणि राज्याच्या क्षमतेत पुढे कित्येक वर्षे फारशी भर पडली नाही.

वेळेला भाव देणारे बाजार त्यानंतर आले. १ जून २०२० रोजी एक्स्चेंजवर तत्काळ बाजार सुरू झाला. दर अर्ध्या तासाला एक, असे दिवसाला ४८ लिलाव होतात आणि घेतलेली वीज साधारण तासाभराने मिळते. पवनऊर्जेसाठी यापेक्षा महत्त्वाची सुधारणा दुसरी झालेली नाही. उद्याचा वारा सांगणे अवघड. पुढच्या तासाचा सांगणे पुष्कळ सोपे. दुपारी वारा पडतो आहे हे दिसले की वितरण कंपनी पुढच्या तासाची तूट लगेच वीज घेऊन भरून काढू शकते, आणि वारा अनपेक्षित वाढला तर जादा वीज विकू शकते. याआधी हा सारा फरक दंडाच्या खात्यात जाई. ऑगस्ट २०२० मध्ये अपारंपरिक विजेचा मुदतीचा बाजार आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचा उद्याचा बाजार सुरू झाला. त्यातली खरेदी वितरण कंपनीच्या अपारंपरिक बंधनात धरली जाते, आणि तिथे न विकली गेलेली वीज सामान्य बाजारातल्या लिलावात उतरवता येते. प्रमाणपत्रांनी वीज आणि तिचा गुण वेगळे केले होते. इथे ते पुन्हा एकत्र विकले जाऊ लागले.

महाराष्ट्राजवळ तूट भरून काढण्याचे आणखी एक साधन आहे, आणि ते वनकुसवड्याच्या पायथ्याशीच आहे. सुमारे १,९६० मेगावॉटचे कोयना संकुल काही मिनिटांत भार उचलते. पण कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेले आहे. म्हणून कोयनेचे प्रत्येक युनिट जपून, भाव चढलेल्या वेळेसाठी राखावे लागते, आणि वाऱ्याची चूक सुधारायला ते वापरायचे की संध्याकाळच्या मागणीला, हा निर्णय रोज घ्यावा लागतो.

मागणीपेक्षा वीज जास्त झाली तर काय, हा प्रश्न भारतात वेगळ्या रीतीने सुटला. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्क यांच्या सामाईक बाजारात २००९ पासून भाव शून्याखालीही जाऊ शकतो. वादळी रात्री डॅनिश विक्रेत्याला वीज घेणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, आणि मग कोणी ना कोणी आपणहून निर्मिती थांबवतो. भारतीय एक्स्चेंजवर भाव शून्याखाली जात नाही. इथे पवनचक्क्यांना ‘बंद करू नये’ असे संरक्षण नियमाने दिले आहे. तरीही तामिळनाडूत मोसमाच्या ऐन भरात यंत्रे थांबवण्याचे आदेश वर्षानुवर्षे निघत राहिले. कारण कधी वाहिन्यांची कमतरता, कधी स्वस्त वीज घेण्याची अनिच्छा. २०२१ च्या ऑक्टोबरात केंद्राने नियम केले की ग्रिडच्या सुरक्षेशिवाय अन्य कारणासाठी वीज रोखली तर खरेदीदाराने भरपाई द्यावी, आणि रोखलेली वीज एक्स्चेंजवर विकली गेल्यास ती रक्कम भरपाईतून वळती करावी. हक्काचे रक्षण बाजाराच्या मार्गाने करणारा हा नियम योग्य दिशेचा आहे. त्याची अंमलबजावणी मात्र राज्यांच्या भार प्रेषण केंद्रांनी कारणे प्रामाणिकपणे नोंदवण्यावर अवलंबून आहे.

मार्च २०२५ अखेर देशाची पवन क्षमता ५० हजार मेगावॉटवर पोहोचली. यातली बहुतेक वीज अजूनही दीर्घ मुदतीच्या करारांनी विकली जाते. एक्स्चेंजवर उतरणारा वाटा लहान आहे, पण कराराबाहेर पडलेल्या काही प्रकल्पांचा ओघ तिकडे आहे. महाराष्ट्रात ही वेळ आधी आली, कारण २००३ च्या आदेशातले १३ वर्षांचे करार एकेक करून संपले. यंत्रे फिरत राहिली, खात्रीचा दर गेला. मालकांपुढे कमी दराने महावितरणला वीज देणे, ओपन ॲक्सेसने कारखान्याला विकणे किंवा एक्स्चेंजवर जाणे, एवढेच मार्ग उरले.

या जुन्या यंत्रांचा प्रश्न आता सर्वांत निकडीचा आहे. राज्यातल्या उत्तम वाऱ्याच्या जागा सर्वांत आधी भरल्या, म्हणून तिथेच सर्वांत लहान आणि जुनी यंत्रे उभी आहेत. अनेकांवर क्षणोक्षणीची नोंद पाठवणारी साधने नाहीत, त्यामुळे त्यांचा अंदाजही सर्वांत कच्चा निघतो. एक मेगावॉटपर्यंतची यंत्रे काढून मोठी बसवण्याचे धोरण केंद्राने २०१६ मध्ये आणले आणि २०२३ मध्ये सुधारले, तरी वीसतीस मालकांची संमती, जमिनीचे जुने कागद आणि अपुऱ्या वाहिन्या यांत ते अडकले आहे. सातारा, सांगली आणि धुळ्याच्या पठारांवर हे काम राज्य शासनाने आणि आयोगाने पुढाकार घेऊन, मालकांना आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांना एकत्र बसवून, हाती घेतले पाहिजे.